मॅन्युएल गार्सिया : कंठात डोकावणारा गायनगुरू

घरातील आजोबांचा आवाज कापरा होऊ लागला, की वय झाले असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु आवाज कोठे व कसा बिघडतो हे डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते मॅन्युएल गार्सिया वैद्य नव्हते. स्वतःचा आवाज गमावून बसलेले ते एक गायक होते.

त्यांचा जन्म १८०५ साली एका स्पॅनिश गायकाच्या घरी झाला. १८२५ मध्ये वडिलांच्या संगीत नाटकमंडळीबरोबर ते न्यूयॉर्कला गेले. ऐन विशीत प्रमुख भूमिका गाण्याचा ताण त्यांच्या कंठाला सोसला नाही व लवकरच त्यांना रंगभूमी सोडावी लागली. पण खचून न जाता त्यांनी पॅरिसच्या लष्करी रुग्णालयांत कंठाच्या रचनेचा अभ्यास केला आणि ते गायन शिकवू लागले.

१८४१ साली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड थकलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांनी तिला प्रथम काही आठवडे मौन पाळावयास लावले व मगच शिक्षण आरंभिले. पुढे तिची कीर्ती जगभर पसरली.

१८५४ मध्ये गार्सिया यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले. १८५५ साली हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडण्यात आले. पुढे वैद्यांनी तीच युक्ती रोगनिदानासाठी स्वीकारली.

उतारवयात स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांची लवचीकता घटते व ते पुरते मिटत नाहीत. म्हणून आवाज पोकळ आणि कापरा होतो, हे आज तपासणीत दिसते. पुरेसे पाणी, तज्ज्ञाने शिकविलेले स्वरांचे व्यायाम आणि क्वचित स्वरतंतूंना भरीवपणा देणारे इंजेक्शन यांनी पुष्कळांना आराम पडतो. मात्र घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

१९०५ साली लंडनमध्ये गार्सिया यांची जन्मशताब्दी साजरी झाली, तेव्हा अभिनंदनासाठी गायकांबरोबर कंठरोगतज्ज्ञही जमले होते. पुढल्याच वर्षी ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, मैदानावर ओरडून घसा बसवून घेताना गार्सियांचे तारुण्य आठवा. आणि आजोबांचा आवाज क्षीण झाला, तर तो विषय सोडून देऊ नका.