नाव गोपाळ गणेश, मत नास्तिक!

दसऱ्याच्या सुमारास सकाळची भाईंदर-चर्चगेट लोकल पकडलीत तर डब्यात झेंडूची तोरणं दिसतात, कुठं देवीचा फोटो असतो आणि हातावर पेढा पडतो. कॉलेजला पोचावं तर वर्कशॉपमध्ये लेथच्या गळ्यात हार आणि व्हाइसला हळदकुंकू! आमच्या ग्रुपमध्ये एक जण स्वतःला कट्टर नास्तिक म्हणवतो. तो त्या दिवशी लांब उभा होता. पण ओरलचा निकाल लागला आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'अरे देवा!' मग काय, कॅन्टीनमध्ये त्याची जी काय शोभा झाली म्हणता! ढोंगी, दुतोंडी, सगळी विशेषणं वापरून झाली.

मित्रांनो, तो नास्तिक म्हणजे मीच. तेव्हा मनाच्या समाधानासाठी मी लायब्ररीत जाऊन माझ्या आधीचा एक मोठा नास्तिक शोधून काढला. आगरकर! (क्रिकेटवाला नव्हे.)

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. नाव बघा. स्वतःचं कृष्णाचं, वडिलांचं गणपतीचं. घरची परिस्थिती अत्यंत बेताची. शिकण्यासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असं वणवण फिरावं लागलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगात एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. आपण सबमिशनच्या नावाने रडतो, त्यांनी असे दिवस काढून बी.ए. आणि एम.ए. केलं. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी आईला आधीच पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा ठेवू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार आहे.

आणि तसंच केलं. १८८० साली चिपळूणकर आणि टिळकांनी सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते लवकरच शिकवू लागले. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिलं म्हणून खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकर या जोडीने मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. पुढे १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते.

मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांचं मत ठाम झालं होतं की कुठलीही गोष्ट बुद्धीला पटल्याशिवाय मानायची नाही, मग ती शास्त्रात असो वा पोथीत. देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी आली असावी, यावर त्यांनी 'देवतोत्पत्ति' नावाचा निबंध लिहिला. काही अभ्यासक त्यांना नास्तिक म्हणतात, काही अज्ञेयवादी. गंमत म्हणजे 'नास्तिक' हा शब्दसुद्धा धर्माच्याच घरातला! वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, असं मनुस्मृती सांगते. म्हणजे देव न मानणाऱ्याला स्वतःची ओळख करून द्यायलाही पोथीतलाच शब्द उसना घ्यावा लागतो.

आगरकरांचंही तेच झालं. त्यांनी मराठी व्याकरणावर एक पुस्तक लिहिलं, 'वाक्यमीमांसा'. मीमांसा म्हणजे मुळात यज्ञाच्या विधींचा अर्थ लावणारं शास्त्र. आगरकरांनी तोच शब्द घेऊन वाक्यातले कर्ता-कर्म-क्रियापद सोडवले. पुढे सोवळ्याचीही मीमांसा केली. शब्द यज्ञाचा, काम तर्काचं!

समाजसुधारणा आधी की राजकारण, या वादात टिळकांशी बिनसलं आणि १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, दसऱ्याच्याच दिवसांत, त्यांचा 'सुधारक' सुरू झाला. मराठी बाजू आगरकर सांभाळत, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले. विधवांचं केशवपन, बालविवाह, स्त्रियांना शिक्षणापासून लांब ठेवणं, या सगळ्यांवर आगरकर तुटून पडले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र बसवून द्यावं, असं त्यांनी त्या काळात लिहिलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूने ते उभे राहिले. त्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. फक्त बारा! तरी पुणं पेटलं होतं.

लोकांनी काय करावं? आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली! विचार करा, आपलीच तिरडी निघालेली आहे आणि आपण धडधडीत जिवंत आहोत. धर्माचा विधी एखाद्याला छळायला कसा वापरता येतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणि घरी? पत्नी यशोदाबाई देवाधर्म मानणाऱ्या. नवऱ्याला देव मान्य नाही म्हणून त्यांनी तो सोडला नाही आणि आगरकरांनीही सोडायची जबरदस्ती केली नाही. बाहेर रूढींवर कुऱ्हाड चालवणारा माणूस घरातल्या पूजेवर हात उगारत नव्हता.

इथं मी वाचताना थांबलो. हा दुटप्पीपणा का? मला तसं वाटत नाही. कुठली चाल देवघरातून आली आणि कुठली नाही, एवढ्यावर ते लढत बसले नाहीत. तिच्यापायी कोण भरडलं जातंय, हे बघून त्यांनी लेखणी उचलली. यशोदाबाईंच्या फुलं वाहण्याने कुणाचं काही जात नव्हतं. केशवपनाने एका पोरीचं अख्खं आयुष्य जात होतं.

दम्याने त्यांना तरुणपणापासून पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आपल्या प्रेतदहनासाठी लागणारे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते. परलोक न मानणाऱ्या माणसालाही इथल्या लोकांची चिंता होती, आपल्या मरणाचा भार कुणावर पडू नये म्हणून.

आता माझ्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी आरतीला उभा राहिलो नाही. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, काय मोठी क्रांती केली! त्याच घरात संक्रांतीला हळदीकुंकू झालं. काका गेल्यापासून काकू अशा वेळी स्वयंपाकघरात बसते. तिळगुळाचे डबे तिने भरले, पण बाहेर आली नाही. आणि मी, कट्टर नास्तिक, मोबाइल बघत बसलो होतो. 'अरे देवा' म्हणालो याची मला लाज वाटली, पण याची वाटली नाही!

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्या गावात नास्तिक किती असतील? तरीही आगरकरांचं काम त्यांनी पुढे नेलं. आम्ही कॅन्टीनमध्ये शब्दांवरून भांडत होतो.

म्हणून मी ठरवलंय. 'अरे देवा' तोंडून निघालं तर निघू दे, रविवारला रविवारच म्हणू दे, आजीसाठी आरतीत टाळही धरीन. पण येत्या संक्रांतीला स्वयंपाकघरात जाऊन काकूला हाताला धरून बाहेर आणणार आहे. आजी पुन्हा दोन दिवस बोलणार नाही. चालेल. या वेळी अबोल्याला कारण तरी चांगलं असेल.