पंडिता रमाबाई : एक समर्पित जीवन

विद्यार्थी मित्रहो, इच्छाशक्ती हे मनुष्याचे फार मोठे बळ होय, असे आम्ही शिक्षक तुम्हांला वर्गात नेहमी सांगत असतो, आणि ते खरेही आहे. परंतु संतसज्जनांनी याच्याही पुढची एक पायरी सांगितली आहे. ती म्हणजे आपली इच्छाच परमेश्वराच्या चरणी वाहून टाकणे. भागवत धर्मात हिला शरणागती म्हणतात. ख्रिस्ती धर्मात प्रभूच्या स्वाधीन होणे असे म्हणतात. ज्याला स्वतःची अशी इच्छाच नाही, तो शरण गेला तर त्यात नवल कसले? परंतु जिची इच्छा पोलादासारखी होती, जी कोणाही मनुष्यापुढे वाकली नाही, अशा एका विदुषीने हे कसे साधले, याची हकिकत मात्र मनन करण्याजोगी आहे. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटक राज्यात, सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळच्या अरण्यात झाला. तुंगा, भद्रा व नेत्रावती या नद्यांचा उगम जेथे होतो, तेच हे स्थान. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे वैदिक विद्वान. स्त्रियांनाही देववाणी शिकविली पाहिजे, असा त्यांचा निश्चय होता. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि अखेरीस रानात आश्रम बांधून राहिले. रमाबाईंना संस्कृताचे पाठ मिळाले ते आईच्या मुखातून, तेही पहाटे, घरकामाला प्रारंभ होण्यापूर्वी. आम्ही स्वतः कोंकणी बोलणाऱ्या घरातले. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी हा अनुभव आम्हांला नवा नाही. जनवाड्याच्या मुलांनाही तो नवा नाही. रमाबाईंचे बालपणही असेच होते. घरात मराठी, पाठाला संस्कृत आणि भोवताली कन्नड.

पुढे आश्रम मोडला, कर्ज झाले आणि हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळांच्या आवारात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुराण सांगण्याखेरीज दुसरा व्यवसाय नाही, हातांना मजुरीची सवय नाही. अशा स्थितीत दक्षिणेतील दुष्काळाने त्यांना गाठले. भांडीकुंडी गेली, वस्त्रे गेली. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ साली प्रथम वडील व पाठोपाठ आई अन्नाविना निवर्तली. आईचे प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. श्मशान कित्येक मैल दूर. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास व चौथी रमाबाई. उंची कमी पडल्यामुळे तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली व तशा त्या चालल्या. काही काळाने थोरली बहीणही गेली.

परंतु त्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनी जन्मभर हृदयात जपून ठेवला. मरण समोर दिसू लागले तेव्हा अनंतशास्त्र्यांनी मुलांचा निरोप घेतला. डोळ्यांची दृष्टी गेलेल्या त्या वृद्ध पित्याने आपल्या या धाकट्या लेकीला पोटाशी धरून सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, तू त्याची आहेस, तेव्हा जन्मभर त्याचीच सेवा कर. कोणत्या वाटेने ही सेवा घडणार आहे, हे त्या पित्याला ठाऊक नव्हते व लेकीलाही नव्हते.

त्यानंतर भाऊ-बहीण पायी हिंडत राहिली. थेट उत्तरेस पंजाबपर्यंत गेली. झेलमच्या काठी अंगावर पुरेसे वस्त्र नाही म्हणून वाळूत दोन खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. काल जिला भाकर मिळत नव्हती, तिला आज सभांतून मानाचे आसन मिळू लागले. परंतु व्रते, यात्रा व पारायणे करूनही देवाची भेट झाली नाही, हे शल्य त्यांच्या मनात होते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा नोंदणीपद्धतीने विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मास आली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. चोविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्ही मुलगी, आणि माहेरचे म्हणून कोणी उरलेले नाही!

येथे दुसरी एखादी स्त्री खचून गेली असती. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारी शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची गरज मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी मठातील भगिनींकडे राहिल्या. या भगिनी लंडनजवळ पतित स्त्रियांचे एक आश्रयस्थान चालवीत. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने जवळ केले जाते, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, म्हणून विचारले असता त्यांना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची व तिच्याशी आदराने बोलणाऱ्या येशूची कथा सांगण्यात आली. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या शंकांचे निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

आता पाहा, की धर्म बदलला तरी स्वभाव बदलला नव्हता. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धांत त्या तपासून घेत. ईश्वराच्या त्रैक्याविषयी त्यांनी मठातील भगिनींशी व बिशपांशी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती मला समजत नाहीत, तेथे माझ्या देशाची संस्कृत का असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सदसद्विवेक ही ईश्वराने मला दिलेली ठेव आहे, ती मी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कित्येकांना हा हट्ट वाटला, अहंकारही वाटला. आम्हांस वाटते, त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. मनुष्यापुढे न वाकण्याचा बाणा हा एक, आणि देवापुढेही स्वतःच्या बुद्धीचा दिवा घेऊनच उभे राहण्याची सवय ही दुसरी. पहिली गोष्ट अखेरपर्यंत टिकली. दुसरी मात्र त्यांना पुढे सोडावी लागली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ ही विधवांची शाळा निघाली. पुढच्या वर्षी ती पुण्यास आली. तिच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

कीर्ती होती, संस्था होती, पैसाही होता. तरीही अंतःकरणात शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांच्या ध्यानी आले, की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, परंतु ख्रिस्ताला मात्र आपण भेटलोच नाही. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती! आपल्या विद्वत्तेने, आपल्या पुण्याईने वा कर्तृत्वाने देव मिळवावयाचा नसून, आहे तसे रिकाम्या हातांनी त्याच्या पायाशी पडावयाचे असते, हे त्यांनी तेव्हा मान्य केले. जिने शास्त्री जिंकले, बिशपांना निरुत्तर केले, तिने आपली तलवार येथे खाली ठेवली. हाच त्यांच्या चरित्रातील वळणाचा क्षण होय.

मित्रहो, आपल्या बिदरचे बिदरी काम तुम्ही पाहिले असेल. धातूचे भांडे ओतून झाले म्हणजे काम संपत नाही. किंबहुना तेथून ते सुरू होते. छिन्नीने त्यावर नक्षी कोरतात, तीत चांदीची तार ठोकून बसवितात आणि शेवटी किल्ल्यातील माती लावून भांडे काळे करतात. तेव्हा कोठे चांदी उठून दिसते. ईश्वराच्या हाती स्वतःला सोपविलेल्या मनुष्याचेही असेच होते. रमाबाईंच्या वाट्याला छिन्नीचे घाव लौकरच आले.

शारदा सदनात कोणाच्याही धर्मात हात घालावयाचा नाही, असा संस्थेचा शब्द होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. संस्थेच्या शब्दाला हे धरून नाही, असे रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांना वाटले. दार बंद करणे म्हणजे माझी श्रद्धा लपविणे, असे रमाबाईंना वाटले. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दोन्ही पक्ष आपापल्या सद्बुद्धीला धरून वागले, असेच आज म्हणावे लागेल. परंतु ज्या थोर माणसांच्या आधारावर काम उभे होते, तो आधार गेला, ही गोष्ट रमाबाईंना किती लागली असेल!

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या आईबापांचे मरण आठवून रमाबाई अस्वस्थ झाल्या. पैसा पुरेसा नव्हता. पूर्वीच्या रमाबाईंनी आधी योजना आखली असती, निधी जमविला असता, मग पाऊल उचलले असते. आता मात्र ज्याने बोलाविले तो भाकरही देईल, या विश्वासाने त्या निघाल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुली ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या शेतावर तंबू पडले. तेच ‘मुक्ती सदन’. कलबुर्गीहून पुण्यास जाणारी आगगाडी दौंड सोडल्यावर केडगावावरूनच पुढे जाते. तुमच्यापैकी कित्येकांनी ते स्टेशन खिडकीतून पाहिले असेल. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार माणसे राहत होती. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन, शिवाय विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना. ज्या बाईंना पुराणाशिवाय दुसरा व्यवसाय शिकविला गेला नव्हता, त्यांनी प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकविले. १९०५ साली तेथे सामुदायिक प्रार्थनेची मोठी लाट आली. पाचशेंहून अधिक मुली रोज प्रार्थनेस जमू लागल्या. रमाबाई मात्र पुढारीपण न मिरविता त्यांच्यात बसून असत.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणावयाचे! त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृतची ही सरस्वती जड शब्द वेचून वेचून बाजूला ठेवीत होती. विद्वानाने पांडित्य सोडणे याहून कठीण समर्पण कोणते? मुक्ती सदनातील मुलींनीच खिळे जुळविले व पाने छापली.

कन्या मनोरमा ही त्यांचा उजवा हात होती. आपल्या भागाला या मायलेकींचे एक ऋण आहे. १९१२ च्या सुमारास त्यांनी तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, ख्रिस्ती शाळा काढली व मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. पुढे सर्व कार्य हिच्याच हाती सोपवावयाचे, असे आईच्या मनात होते. परंतु १९२१ च्या जुलैत चाळीस वर्षांच्या मनोरमाबाई निवर्तल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक! या आघाताने रमाबाई थकल्या, परंतु कडवट झाल्या नाहीत. हातातील भाषांतर त्यांनी पुढे चालविले. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या शांतपणे निजल्या त्या उठल्याच नाहीत. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी विठ्ठलाला, कोणी अल्लाला, कोणी बसवेश्वरांनी दाखविलेल्या इष्टलिंगाला, कोणी ख्रिस्ताला मानणारे असाल. कोणी बुद्धाच्या मार्गाने जाणारेही असाल. रमाबाईंचा पंथ सर्वांनी स्वीकारावा, म्हणून आम्ही ही कथा सांगितली नाही. सांगावयाचे ते एवढेच, की समर्पण म्हणजे दुबळेपणा नव्हे. रमाबाई माणसांच्या दडपणापुढे कधी शरण गेल्या नाहीत आणि देवाला शरण गेल्यावर हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. उलट त्यांचे खरे काम त्यानंतरच सुरू झाले. पूर्वी त्यांची इच्छा त्यांना चालवीत होती. पुढे दुसऱ्याचे दुःख त्यांना चालवू लागले.

दुष्काळात मरणाच्या दारी उभ्या असलेल्या एका अंध पित्याने आपली लेक देवाच्या हाती दिली होती. ज्या वाटेने ती गेली, ती त्या पित्याने कल्पिलीही नसेल. परंतु त्याची आज्ञा तिने अक्षरशः पाळली, हे कोणालाही कबूल करावे लागेल.