रुळांखालचा माणूस : लिन वेस्टकॉट

इंजिनिअरिंगला आलं की थोर माणसांची यादी ठरलेलीच असते. विश्वेश्वरय्या, एडिसन, टेस्ला... या यादीत लिन वेस्टकॉट हे नाव तुम्हाला सापडणार नाही. पण घरात छोटी रेल्वे बांधण्याचा, म्हणजे मॉडेल रेलरोडिंगचा छंद असलेल्या कुणाही अमेरिकन माणसाला विचारा, तो हे नाव लगेच ओळखेल!

वेस्टकॉट यांचा जन्म १९१३ चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात १९३४ साली अल काल्मबाख यांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केलं. वेस्टकॉट त्याच दशकात तिथे रुजू झाले आणि १९६१ ते १९७७ अशी सोळा वर्षं त्याचे संपादक होते. पण हे संपादक फक्त खुर्चीत बसून लेख तपासणारे नव्हते. रुळांवर गाडी उभी आहे की नाही हे ओळखणारं 'ट्विन-टी' नावाचं ट्रान्झिस्टर सर्किट त्यांचंच. १९५६ साली रुळांचे १०१ आराखडे देणारं त्यांचं पुस्तक आलं. ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

तरी त्यांचं सगळ्यात मोठं काम रुळांच्या खाली आहे. या छंदात बहुतेकांचं लक्ष इंजिन, डोंगर, बोगदे यांच्याकडे. खालच्या लाकडी सांगाड्याला, म्हणजे बेंचवर्कला कोण विचारतो? पण एचओ स्केल म्हणजे १:८७, आणि दोन रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिलिमीटर. खालची फळी जराशी वाकली की वरचा डबा घसरलाच म्हणून समजा. लोक एकतर टेबलावर जाड प्लायवूड टाकायचे, नाहीतर चौकटी जोडायचे. चौकटीला प्रत्येक तुकडा मापात आणि गुण्यात कापावा लागतो. फर्स्ट इयरला कार्पेंट्रीचा जॉब केलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको!

वेस्टकॉट यांनी १९६० च्या दशकात यावर एल-गर्डरची पद्धत मांडली. एक फळी उभी धरायची, तिच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी आडवी ठेवून गोंद आणि स्क्रूने पक्की करायची. झाला इंग्रजी एल उलटा! असे दोन गर्डर समांतर ठेवून त्यांवर आडव्या पट्ट्या टाकायच्या. कमी लाकडात इतकी ताकद कशी? एसओएम आठवा. फळीची उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. वरची पट्टी उभ्या फळीला बाजूला लचकू देत नाही आणि स्क्रू मारायला जागाही देते. पाय अगदी टोकांना न देता दोन्हीकडून लांबीच्या साधारण एक-पंचमांश आत द्यायचे. समान भार धरून बीएमडी काढून बघा. आधार ०.२०७ लांबीवर आले की मधला आणि आधारावरचा मोमेंट सारखा होतो, आणि टोकांना आधार दिला असता तर जितका आला असता त्याच्या जवळजवळ सहावा भागच उरतो. एवढं गणित, पण सांगताना ते सुताराच्या भाषेत, करवत पहिल्यांदा हातात घेणाऱ्यालाही कळेल असं!

जागा कमी असेल तर? भिंतीलगतच्या अरुंद शेल्फवरही हा गर्डर चालतो. पायांऐवजी त्रिकोणी ब्रॅकेट लावायचे. मात्र अमेरिकन घरांच्या भिंती बऱ्याचदा आतून लाकडी खांबांच्या आणि वरून पातळ बोर्डाच्या. तेव्हा ब्रॅकेटचा स्क्रू त्या खांबातच गेला पाहिजे, नाहीतर रेल्वे जमिनीवर.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या पद्धतीत स्क्रू खालून मारतात. आडवी पट्टी गर्डरच्या पुढे थोडी बाहेर राहिली तरी चालतं. त्यामुळे वर डोंगर, गाव सगळं तयार झाल्यावरही एखादा बोगदा सरकवावासा वाटला, तर खाली शिरून स्क्रू काढा, पट्टी सरकवा, पुन्हा आवळा. बांधणाऱ्याचं मन उद्या बदलेल, हे वेस्टकॉट यांनी आधीच धरलं होतं. आपण मजबूत म्हणजे कायमचं ठोकलेलं समजतो. त्यांचं मजबूत काम उघडून परत जोडता येत होतं.

१९७९ साली बेंचवर्कवरचं त्यांचं पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, ते गेले. त्यांचं आणखी एक पुस्तक त्यांच्यामागे १९८१ साली आलं. ते होतं कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलन यांच्यावर. ॲलन या छंदातले मोठे कलावंत. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच त्यांची जगप्रसिद्ध छोटी रेल्वे आगीत गेली. ती पुढच्या पिढीला दिसावी म्हणून वेस्टकॉट यांनी लेखणी उचलली.

आपल्यापैकी फार थोड्यांची नावं पुलावर कोरली जातील. बाकीचे आपण बहुधा कुठल्यातरी सांगाड्यावर, फाउंडेशनवर, न दिसणाऱ्या सर्किटवर काम करू. ते वेस्टकॉटसारखं करता आलं, म्हणजे नीट हिशेबाने आणि मागून येणाऱ्याला उघडता येईल असं, तर आणखी काय हवं?