‘स्प्रे’चा नाखवा : जोशुआ स्लोकम

हैदराबादच्या विद्यार्थ्यांना शिडाची होडी ठाऊक आहे ती हुसेनसागरावरची. तेथे वारा पडला तरी पैलतीर दृष्टीआड होत नाही. ज्याला आठवडेच्या आठवडे कोणताच तीर दिसत नसे, आणि ज्याने आपले तरते घर स्वतःच्या हातांनी उभारले, अशा एका नाविकाचे हे चरित्र आहे.

जोशुआ स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. वडील कोळ्यांसाठी बूट शिवीत. मुलानेही आरी आणि चामडे हाती धरावे, असा त्यांचा कडक शिरस्ता होता. मुलाचे चित्त मात्र समुद्रावर. बारा वर्षांच्या सुमारास त्याने तळघरात लपूनछपून एका जहाजाची लहानशी प्रतिकृती घडविली. ती पुरी होत आली असताना वडिलांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी ती आपटून तिचे तुकडे केले. चौदाव्या वर्षी मुलगा घरातून पळाला व मासेमारीच्या गलबतावर आचारी म्हणून राहिला. त्याने केलेला पहिलाच गोड पदार्थ पाहून खलाशांनी त्याला चुलीपासून हाकलून लावले, ही गोष्ट निराळी! दोन वर्षांनी आई वारली, तेव्हा त्याने घर कायमचे सोडले.

साध्या खलाशाचा तो स्वतःच्या कर्तृत्वाने कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. या बाईंनी संसार केला तो जहाजावरच. मुले देशोदेशींच्या बंदरांत जन्मली. जहाज हेच घर, ही त्या कुटुंबाची नित्याची रीत होती. १८८४ मध्ये ब्युनोस आयरीस येथे, जहाजावरच, ऐन तारुण्यात व्हर्जिनिया मरण पावली. पुढे स्लोकमने दुसरा विवाह केला. पण १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे स्वतःच्या मालकीचे जहाज ‘अॅक्विडनेक’ रुतून फुटले. परक्या देशात तो, पत्नी हेट्टी आणि दोन मुले उघड्यावर पडली.

तेव्हा त्याने पस्तीस फुटांची एक नौका बांधली. शिडे हेट्टीने शिवली. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमधील गुलामगिरी संपली त्याच दिवशी, नौका पाण्यात उतरली. म्हणून तिचे नाव ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. तिच्यातून सुमारे साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून हे कुटुंब स्वदेशी परतले. त्यानंतर हेट्टीने पुन्हा समुद्रवास पत्करला नाही. तिला दोष कोण देईल? चरित्रनायकाच्या गौरवात अशा माणसांचे कष्ट झाकून जातात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आगबोटींनी शिडांचा व्यापार बुडविला होता. पन्नाशीकडे झुकलेल्या कप्तानाला कोणी जहाज देईना. १८९२ मध्ये एका जुन्या परिचिताने त्याला एक गलबत देऊ केले. थोडी डागडुजी लागेल, एवढेच सांगितले. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन गावी जाऊन पाहतो तो काय, समुद्रापासून दूर, एका कुरणात, टेकू दिलेली, कापडाने झाकलेली एक जीर्ण होडी! तिचे नाव ‘स्प्रे’. ती सात वर्षे तशीच पडून होती. थट्टाच होती ती. परंतु स्लोकमने कुऱ्हाड उचलली.

जवळच्या ओकवृक्षाचा त्याने पठाण केला. आपल्या कोकणपट्टीतील सुतार गलबताच्या कण्यास याच नावाने ओळखतात. कोवळ्या ओकच्या फांद्या वाफेत नरम करून साच्यावर वाकविल्या आणि फासळ्या झाल्या. वर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या बसविल्या, फटींत कापूस व ताग ठोकला. गावातील वृद्ध दर्यावर्दी येऊन काम पाहत व सल्ला देत. एक एक करून जुने लाकूड गेले, नवे आले. नाव तेवढे ‘स्प्रे’च राहिले. तेरा महिने लागले. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच, म्हणजे आपल्या वर्गाच्या खोलीहूनही अरुंद.

२४ एप्रिल १८९५ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, तो एकटाच बोस्टनहून निघाला. त्याला पोहता येत नव्हते. घड्याळ होते ते एक डॉलरचे, फुटक्या तबकडीचे. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री लुटारूंचे भय; म्हणून झोपण्यापूर्वी तो तक्तपोशीवर टोके वर करून चुका पसरून ठेवी. एका रात्री अनवाणी आलेले लोक किंकाळ्या फोडीत पळाले! ‘स्प्रे’ची घडण अशी समतोल होती की सुकाणू बांधून ठेवले तरी ती मार्ग सोडीत नसे. हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल तिने तेवीस दिवसांत तोडले, आणि तेवढ्या काळात नाखव्याला सुकाणूवर जेमतेम तीन तास बसावे लागले. उरलेला वेळ तो आपल्या छोट्या खोलीत स्वयंपाक करी, शिवणटिपण करी, पुस्तके वाची. २७ जून १८९८ रोजी, ४६,००० मैलांनंतर, तो न्यूपोर्टला पोहोचला. पृथ्वीभोवती एकट्याने केलेली ही पहिली नौकाप्रदक्षिणा. थोड्याच दिवसांनी त्याने ‘स्प्रे’ फेअरहेवनला नेली व जेथून ती प्रथम पाण्यात उतरली होती, तेथल्याच खुंटाला बांधली.

त्याच्या मागून गेलेल्यांत आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली होती. आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांना जगाभोवती नेणारी ‘म्हादेई’ गोव्यात.

स्लोकमने १९०० मध्ये प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून पैसा आला, तेव्हा मार्थाज व्हिनियार्ड बेटावर त्याने शेत व घर घेतले. परंतु त्याचे मन जमिनीवर रमेना. हेट्टी घरी राहिली. हिवाळा आला की तो ‘स्प्रे’ घेऊन दक्षिणेकडे जाई. नौका आता जुनी झाली होती, तोही पासष्टीचा झाला होता. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने दक्षिण अमेरिकेकडे जाण्यासाठी शिडे उभारली. त्यानंतर ना तो कोणास दिसला, ना ‘स्प्रे’ची एखादी फळी. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत ठरविण्यात आले.