पेर्नचे पॉल, सेंत एतियेनचे वेलोसियो

फ्रान्सच्या आग्नेय भागात, वोक्लूज जिल्ह्यात, पेर्न-ले-फोंतेन नावाचे एक लहानसे गाव आहे. जुन्या चौकाचौकांत झुळझुळणाऱ्या दगडी कारंज्यांमुळे त्याला हे नाव मिळाले. गावाजवळून पूर्वी रेल्वे जात असे. ती कधीच बंद पडली, रूळ उखडले गेले आणि त्या जागी आता एक सपाट, अरुंद, गुळगुळीत वाट आहे. द्राक्षमळे आणि फळबागा यांच्या मधून ती कार्पांत्रासच्या दिशेने जाते. तिच्यावर मोटारीला प्रवेश नाही. मागे सामानाच्या पिशव्या बांधलेले सायकलस्वार, मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे आणि संध्याकाळी फिरायला आलेली वृद्ध मंडळी एवढीच काय ती तिथली वर्दळ. दूरवर माँ वांतूचा बोडका पांढुरका माथा दिसत राहतो. व्हिया वेनेसिया असे या वाटेचे नाव. फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशा वाटा आता जागोजाग आहेत. पण ही वाट ज्या गावातून जाते त्याच गावात, 29 एप्रिल 1853 रोजी, फ्रेंचांना सायकलवरून देश पाहायला शिकवणारा माणूस जन्मला हा योगायोग मोठा सुखद आहे.

पॉल द व्हिव्ही हे त्यांचे नाव. पुढे ते वेलोसियो या टोपणनावाने ओळखले गेले आणि मूळ नाव जवळजवळ मागे पडले.

तरुणपणी ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि सेंत एतियेन या शहरात स्थिरावले. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती विणणारे माग यांवर हे शहर जगत होते. धंदा बरा चालला होता आणि घरसंसार मार्गी लागला होता. 1881 मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी चिमुकले अशी ती त्या काळची सायकल होती. तिच्यावरून पडणे म्हणजे डोक्यावरच पडणे. सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, अशी पैज एका मित्राने लावल्याचे आणि शेज-द्यू या डोंगरातल्या मठाच्या गावाकडे सायकल हाकून पॉल यांनी ती जिंकल्याचे सांगतात. पैजेपेक्षा त्या दिवशी पाहिलेला मुलूख त्यांच्या अधिक लक्षात राहिला असावा. कारण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ते शर्यतीच्या मागे लागले नाहीत, प्रवासाच्या मागे मात्र लागले.

रेशमाच्या व्यवहारानिमित्त त्यांचे इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराशी संबंध आले. तेही एके काळी फितींचेच गाव. परदेशी मालापुढे तिथला विणकाम धंदा कोसळला, तेव्हा शिवणयंत्रे आणि मग सायकली बनवून त्या शहराने स्वतःला सावरले होते. सेंत एतियेनच्या भवितव्याचा अंदाज पॉल यांना तिथे आला असेल तर नवल नाही. बंदुकीच्या नळ्या ओढणारे आणि लोखंडाला सुबक धार देणारे कारागीर सेंत एतियेनमध्ये हाताशी होतेच. 1886 मध्ये गोतिए बंधूंनी याच शहरात फ्रान्समधील पहिल्या आधुनिक सायकलींपैकी एक घडवली. पुढच्याच वर्षी पॉल यांनी रेशमाचा व्यापार सोडला, सायकलींचे दुकान थाटले, कॉव्हेंट्रीहून सायकली आणवल्या आणि त्याच 1887 साली एक मासिकही काढले. आरंभी त्याच्या नावात फोरेझ या प्रांताचाही उल्लेख होता. थोड्याच काळात तो गळला आणि मासिक नुसते ‘ल सिक्लिस्त’ झाले. त्याच्या पानांवर वेलोसियो हे नाव छापले जाऊ लागले.

चांगला चालता धंदा सोडून, तिशी ओलांडल्यावर, अजून बाल्यावस्थेत असलेल्या यंत्राच्या भरवशावर संसार टांगणे हे धाडसच होते. व्यापारी म्हणून वेलोसियो फार मोठे झाले नाहीत. दुकान लहानच राहिले. 1889 मध्ये त्यांनी ‘गोलवाझ’ नावाची स्वतःची सायकल बनवली. पण तिची विक्री वाढवण्यापेक्षा तिच्यात आणखी काय बदल करता येईल यात त्यांना अधिक रस होता. केलेले प्रयोग मासिकात खुलेपणाने लिहून टाकायचे, कुणीही त्यांची नक्कल करावी, अशी त्यांची रीत होती.

त्या प्रयोगांचे मूळ एका चढात आहे. सेंत एतियेनहून दक्षिणेकडे निघाले की शहर संपते न संपते तोच पिला पर्वताची चढण लागते. साधारण तेरा किलोमीटर चढल्यावर 1,161 मीटर उंचीवरची खिंड येते. तिला कोल द ला रेप्युब्लिक म्हणतात. जुने नाव ग्रां ब्वा, म्हणजे मोठे रान. पलीकडे उतरले की ऱ्होन नदीचे खोरे आणि त्याच्या टोकाला प्रोव्हान्स, म्हणजे वेलोसियो यांचे माहेरच म्हणायचे. ही खिंड त्यांनी किती वेळा ओलांडली याची गणती नाही. त्या काळच्या सायकलीला एकच गिअर असे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेवढी पुढे जायची तेवढीच, मग रस्ता सपाट असो की उभा. सपाटीला जुळणारा गिअर ठेवला तर चढावर मांड्या भरून येत आणि चढाला जुळणारा ठेवला तर सपाटीवर पाय नुसतेच भिरभिरत. एकदा याच चढावर ते घामाघूम होऊन झुंजत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक पाइप ओढत निवांतपणे त्यांना मागे टाकून गेला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा रचलेली, तिच्यातला अपमान खरा वाटतो.

मग दोन गिअर आले, तीन आले, चार आले. आधी खाली उतरून हाताने चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवायची. नंतर दोन चेन, दोन्ही बाजूंना वेगवेगळी दातेरी चाके. पुढे चालत्या सायकलीवरच चेन हलवणाऱ्या रचना. यांतली प्रत्येक गोष्ट वेलोसियो यांनीच शोधली असे नव्हे. इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये इतरही कारागीर खटपट करत होते. परंतु प्रत्येक नवी युक्ती डोंगरावर नेऊन, शेकडो किलोमीटर चालवून, तिचे गुणदोष निःसंकोच छापणारा माणूस हाच. आज चोर्ला घाट चढताना गोव्याचा किंवा बेळगावचा सायकलस्वार अंगठ्याने कळ दाबून हलका गिअर घेतो, त्यामागे ग्रां ब्वाच्या चढावरची ही खटपट आहे.

हे सारे सरळ स्वीकारले गेले असते तर वेलोसियो यांचे चरित्र तिथेच संपले असते. पण पॅरिसमध्ये आंरी देग्रांज होते. शर्यतींचे संयोजक, क्रीडापत्राचे संपादक, 1903 मध्ये तूर द फ्रान्स सुरू करणारे गृहस्थ. गिअर बदलणे हा वयस्करांचा आणि दुबळ्यांचा सोय शोधण्याचा प्रकार आहे, खरा गडी यंत्राने नव्हे तर स्नायूंनी जिंकतो, असे त्यांचे ठाम मत. 1902 मध्ये डोंगराळ मार्गावर 240 किलोमीटरची एक कसोटी झाली. तीत तीन गिअरची गोलवाझ चालवणाऱ्या मार्थ हेस या स्त्रीने एका गिअरवर स्वार असलेल्या नामांकित पुरुष स्पर्धकाला हरवले. देग्रांज यांचे मत त्यानेही बदलले नाही. पहिल्याच तूरमध्ये स्पर्धक कोल द ला रेप्युब्लिक चढून गेले ते वेलोसियो यांच्या घराच्या अंगणातूनच, पण एका गिअरवर. तूर द फ्रान्समध्ये डीरेलरला परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. तोवर वेलोसियो जाऊन सात वर्षे झाली होती.

या वादात यंत्रापेक्षा मोठा प्रश्न होता. देग्रांज यांना सायकल ही माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा घेणारी वस्तू वाटत होती आणि त्या परीक्षेवर वर्तमानपत्र खपत होते. वेलोसियो यांच्या लेखी कारकून, शिंपी, शिक्षक, पन्नाशीतला दुकानदार अशा कुणालाही आपल्या पायांच्या बळावर डोंगरापलीकडचा मुलूख दाखवणारे ते वाहन होते. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींना सेंत एतियेनचा संप्रदाय असे नाव पडले. गंमत अशी की सोयीचा पुरस्कार करणारा हा माणूस स्वतः मात्र कमालीचा कष्टाळू होता. रात्रभर सायकल चालवायची, पहाटे ऱ्होनच्या काठी सूर्य उगवताना पाहायचा, दुपारी ऑलिव्हच्या झाडांच्या देशात पोचायचे, हा त्यांचा आवडता बेत. पाठीशी मिस्त्राल वारा असला तर उत्तम. परतताना तोच वारा तोंडावर येई, त्याचीही तक्रार नाही. दर ईस्टरला ते प्रोव्हान्सकडे निघत आणि ठिकठिकाणचे सायकलस्वार तिथे त्यांना येऊन मिळत.

ते शाकाहारी होते. एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचे पुरस्कर्ते होते. प्राचीन लेखकांचे वाचन हा त्यांचा रोजचा नेम. नवशिक्यांसाठी त्यांनी काही नियम घालून दिले होते आणि ते आजही सायकल मंडळांतून सांगितले जातात. भूक लागण्याआधी थोडे खावे, तहान लागण्याआधी प्यावे, झोप आणि भूक उडेल इतके दमू नये, वाटेत मद्य, मांस आणि तंबाखू टाळावी, आणि केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी पेडल मारू नये, असा त्यांचा आशय. यांतले पहिले काही नियम शरीराविषयीचे आहेत. शेवटचा स्वभावाविषयीचा आहे आणि पाळायला तोच सर्वांत अवघड.

वेलोसियो जेव्हा रस्त्यावर उतरले तेव्हा फ्रान्सचे ग्रामीण रस्ते बैलगाड्यांचे, टपालगाड्यांचे आणि मेंढरांचे होते. धूळ होती, खडी होती, पण भीती नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत मोटार आली, वाढली आणि रस्त्याची मालकीण झाली. 1922 पासून त्यांच्या सन्मानार्थ दरवर्षी सेंत एतियेनहून ग्रां ब्वापर्यंत सायकलस्वारांचा मेळा चढू लागला आणि सत्तरीकडे झुकलेले वेलोसियो स्वतःही त्या चढाला भिडत. शहरातल्या रस्त्यांवर मात्र त्यांच्यासारख्यांना पूर्वीइतकी जागा उरली नव्हती. 1930 साली, हिवाळा सरता सरता, ते सायकल हाताने धरून सेंत एतियेनमधील रस्ता ओलांडत होते. समोरून मोटार आली म्हणून ते मागे सरले आणि ट्रामने त्यांना धडक दिली. त्या जखमांतून ते उठले नाहीत. वय शहात्तर. त्या सकाळी ते सेनेका वाचत बसले होते, असे त्यांचे स्नेही नंतर सांगत.

त्यांच्या मृत्यूनंतरही मासिक अनेक वर्षे निघत राहिले. खिंडीत त्यांचे स्मारक उभे राहिले. मोटारीवाचूनचा रस्ता मिळायला मात्र फ्रेंच सायकलस्वारांना बराच काळ थांबावे लागले. मधल्या दशकांत गावोगावच्या छोट्या रेल्वे तोट्यात जाऊन बंद पडत गेल्या. त्यांचे मातीचे भराव, पूल आणि बोगदे झुडपांत गडप झाले. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून हे मार्ग सायकलला जन्मतःच सोयीचे, हे लक्षात यायला शतक संपत आले. 1997 मध्ये बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर पहिली हरितवाट खुली झाली. 2004 मध्ये अशा वाटांना फ्रान्सच्या वाहतूक नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले. आता ऱ्होनच्या काठाने जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत 815 किलोमीटरचा व्हियाऱ्होना हा सायकलमार्ग आहे. त्याचा मोठा भाग मोटारींपासून वेगळा, उरलेला शांत गावरस्त्यांचा. वेलोसियो ज्या खोऱ्यातून रात्री कंदिलाच्या उजेडात दक्षिणेकडे जात, तेच हे खोरे.

सेंत एतियेनहून ग्रां ब्वाचा चढ मात्र अजून मोटाररस्ताच आहे. वेलोसियोंच्या दिवशी सायकलस्वार तिथे जमतात. त्यांत शर्यतीच्या हलक्या सायकली असतात तशा जुन्या, दोन चेनच्या, जपून ठेवलेल्या सायकलीही असतात. वर पोचले की मंडळी स्मारकापाशी थोडा वेळ थांबतात, डबे उघडतात आणि काही जण पलीकडच्या उताराने ऱ्होनकडे निघून जातात.