कीबोर्डवाले शोल्स: तुमच्या ब्राउझर शॉर्टकटमागची दीडशे वर्षांची गोष्ट

मी मूळची शेवगावची. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला शेजारच्यांचा लॅपटॉप आणला होता, तोवर माझं सगळं मोबाइलवरच चालायचं. शेवटचा दिवस. तीन पानं भरून सेव्ह केली आणि चौथ्या पानावर माझ्या हातून टॅबच बंद झाला. घामच फुटला! आत्या शेजारी बसली होती. तिने माउसला हातही न लावता कंट्रोल + शिफ्ट + टी दाबलं आणि टॅब परत हजर. सेव्ह केलेली पानं शाबूत होती, चौथं पुन्हा भरलं.

आत्या नगरला टायपिंग क्लासमध्ये खटखट मशीनवर शिकलेली, त्याच जोरावर क्लार्क-टायपिस्ट झाली. ही अक्षरं अशी उलटसुलट का असतात, हे मी तिला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मग मीच शोधायला बसले आणि मला क्रिस्टोफर लेथम शोल्स सापडले.

छापखान्यातला मुलगा

शोल्स यांचा जन्म १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. लहानपणीच छापखान्यात उमेदवारीला लागले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये वर्तमानपत्राचे संपादक झाले, तिथल्या विधिमंडळातही निवडून गेले. १८५३ मध्ये त्या राज्यातून फाशीची शिक्षा रद्द झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे हा माणूस काही इंजिनिअर नव्हता!

मिलवॉकी शहरात मित्र सॅम्युअल सूल यांच्यासोबत त्यांनी पानांवर आपोआप आकडे छापणारं यंत्र बनवलं. ते पाहून कार्लोस ग्लिडन यांनी सुचवलं, की आकडे छापता येतात तर अक्षरं का नाही? झालं, शोल्स कामाला लागले. २३ जून १८६८ ला तिघांना पेटंट मिळालं.

टेस्टिंगने जीव काढला

आज ॲपचं बीटा व्हर्जन लोकांना वापरायला देतात ना, तसंच तेव्हाही झालं. जेम्स डेन्समोर यांनी या यंत्रात पैसे घातले आणि नमुने जेम्स क्लेफेन नावाच्या लघुलेखकाकडे पाठवले. क्लेफेन इतक्या जोरात वापरायचे, की मशीन मोडूनच परत यायची, सोबत तक्रारींची यादी. शोल्स वैतागले, पण डेन्समोर यांनी सोडलं नाही. एकामागून एक नमुने बनत गेले आणि अक्षरांच्या जागाही बदलत गेल्या.

क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, म्हणजे आपला क्वर्टी, असा तयार झाला. दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ही मांडणी केली, असं नेहमी सांगतात. जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांना मात्र वाटतं, की तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीनुसार ती घडत गेली. वाद अजून मिटलेला नाही.

बंदुकीच्या कारखान्यात टायपरायटर

१८७३ मध्ये बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये मशीन बाजारात आलं. दिसायला शिलाई मशीनसारखं, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं, आणि टाइप होताना काय उमटतंय ते दिसायचंच नाही! १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये शिफ्ट आलं. एकाच बटणावर दोन अक्षरं! आत्याने दाबलेलं शिफ्ट तिथून आलंय. (कंट्रोल मात्र नंतरच्या यंत्रांतून आलं.) मराठी टायपिंगमध्ये आजही 'रेमिंग्टन' नावाचा लेआउट आहेच.

शोल्स यांनी आपले हक्क एकरकमी विकून टाकले. डेन्समोर यांनी रॉयल्टी घेतली आणि ते श्रीमंत झाले. शोल्स यांना मात्र एका गोष्टीचं समाधान होतं: या यंत्रामुळे बायकांना ऑफिसात कमाईची नवी वाट मिळाली. त्यांची मुलगी लिलियन या मशीनवर बसलेली आहे, असा १८७२ चा फोटोही आहे. तो पाहताना मला आत्याच आठवते.

क्षयाने आजारी असतानाही ते मशीन सुधारत राहिले. १७ फेब्रुवारी १८९० ला ते गेले. त्यांचं एक पेटंट १८९६ मध्ये, मृत्यूनंतर मंजूर झालं. गंमत म्हणजे त्यात क्वर्टी नाही, वेगळीच मांडणी आहे! बनवणाऱ्यालाच ती शेवटची वाटत नव्हती. मग आपण ब्राउझर आला तसाच का वापरायचा?

आजपासून एवढं करा

- कंट्रोल + शिफ्ट + टी: बंद झालेला टॅब परत. (इनकॉग्निटोमधला येत नाही. फॉर्ममधली सेव्ह न केलेली माहितीही परत येईलच असं नाही, म्हणून आधी सेव्ह!)
- कंट्रोल + एल: थेट ॲड्रेस बारमध्ये.
- कंट्रोल + एफ: लांबलचक पानात हवा तो शब्द शोधा. निकालाच्या यादीत नाव शोधायला भारी.
- कंट्रोल + टॅब: पुढच्या टॅबवर. कंट्रोल + ९: शेवटच्या टॅबवर.
- कंट्रोल + शून्य: चुकून झूम झालेलं पान पूर्ववत.

लॅपटॉपवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'ऑन स्टार्टअप' उघडा आणि 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा. पुढच्या वेळी तेच टॅब उघडतील. मोबाइलवर क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'रीसेंट टॅब्ज' आहे, बंद केलेलं पान तिथे सापडतं.

एकदम सगळं पाठ करू नका. रोज एक शॉर्टकट, बस्स. आणि घरात कुणी जुन्या मशीनवर टायपिंग शिकलेलं असेल, तर त्यांच्या शेजारी बसून बघा. बोटं कशी चालतात ते कुठल्याच व्हिडिओत इतकं नीट दिसत नाही.