जुगारी शिपाई ते रुग्णांचा सेवक : संत कामिलस दी लेलिस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कामिलस दी लेलिस यांचा स्मृतिदिन पाळते. आजारी माणसे, रुग्णालये आणि परिचारिका यांचे ते आश्रयदाते संत. मात्र त्यांच्या आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे पाहिली, तर या माणसाच्या हाती आजारी जीव सोपवण्याचे धाडस कोणी केले नसते.

इटलीच्या अब्रुत्झी प्रांतातील बुक्कियानिको या गावी २५ मे १५५० रोजी त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या आईची आठवण व्हावी, अशा उतारवयात माता कामिला यांना हे बाळ झाले. परंपरा सांगते की, बाळंतपणापूर्वी त्यांनी एक स्वप्न पाहिले होते. छातीवर क्रूस असलेला एक मुलगा तसल्याच क्रूसधारी मुलांच्या घोळक्याचे नेतृत्व करीत होता. त्या काळी देहदंडाच्या कैद्यांच्या छातीवर क्रूस लावीत, त्यामुळे आपला मुलगा पुढे दरोडेखोरांचा म्होरक्या होणार, या धास्तीने ती माउली खंगली. कामिलस लहान असतानाच ती वारली. त्या स्वप्नाचा खरा अर्थ तिला या जगात कळला नाही.

वडील जोव्हान्नी हे पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारे सरदार. त्यांच्याकडून मुलाला तीन गोष्टी मिळाल्या : साडेसहा फुटांची धिप्पाड देहयष्टी, तापट स्वभाव आणि जुगाराचे वेड. तुर्कांविरुद्ध व्हेनिसच्या सैन्यात भरती होण्यासाठी बापलेक एकत्र निघाले, पण वाटेतच वडिलांना मृत्यूने गाठले. याच सुमारास कामिलसच्या पायावर घोट्याच्या वर एक जखम झाली आणि ती चिघळली. तिने पुढे चाळीसहून अधिक वर्षे, अगदी मरेपर्यंत, त्यांची पाठ सोडली नाही.

उपचारासाठी १५७१ साली ते रोममधील सान जाकोमो या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात आले. उपचाराच्या मोबदल्यात तेथेच नोकरी करायची, असे ठरले. परंतु पत्ते आणि भांडणे यांपायी त्यांना लवकरच तेथून काढून टाकण्यात आले. पुन्हा शिपाईगिरी सुरू झाली. १५७४ मध्ये पलटण मोडली तेव्हा नेपल्सच्या रस्त्यांवर त्यांनी तलवार, बंदूक, झगा असे सारे काही डावावर लावले. अंगातला सदराही गेला, असे म्हणतात. चोवीस वर्षांचा हा सैनिक मान्फ्रेदोनिया येथे चर्चच्या दारात हात पसरून उभा राहिला.

तेथे त्यांना कॅपुचिन बंधूंच्या मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. एकदा काही कामासाठी त्यांना सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात पाठवण्यात आले. (विसाव्या शतकात संत पाद्रे पिओ यांच्या वास्तव्यामुळे हेच गाव जगभर प्रसिद्ध झाले आणि १९५६ साली त्यांनी तेथे मोठे रुग्णालय उघडले. परमेश्वराच्या योजनेत गावेही ठरलेली असावीत!) तेथील मठाधिपती फादर आंजेलो त्या रात्री त्यांच्याशी देवाविषयी चार शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, प्रभू येशूच्या समर्पणाच्या सणाला, परतीच्या खडकाळ वाटेवर कामिलस खोगिरावरून खाली उतरले आणि दगडांवर गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडले.

त्यांनी कॅपुचिन मठात प्रवेश घेतला, परंतु जखम चिघळल्यामुळे त्यांना दोनदा बाहेर पडावे लागले. ज्या रुग्णालयातून हाकलले गेले होते, तेथेच ते पुन्हा गेले आणि कालांतराने त्याचे व्यवस्थापक झाले. आता त्यांना रुग्णांचे हाल नव्या नजरेने दिसू लागले. त्या काळचे नोकर पोटासाठी आणि कित्येकदा शिक्षा म्हणून हे काम करीत. रोगी घाणीत तळमळत, तहानेने कासावीस होत. १५८२ च्या ऑगस्टमध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, त्यांच्या मनात विचार आला की, पगारासाठी नव्हे तर आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची करते तशी, केवळ प्रेमापोटी सेवा करणारी माणसे एकत्र आली पाहिजेत.

त्यासाठी धर्मगुरू व्हावे, असे त्यांना वाटू लागले. बत्तिशीतला हा आडदांड माणूस येशूसंघीयांच्या रोमन कॉलेजात पोरांशेजारी बसून लॅटिन शिकू लागला. २६ मे १५८४ रोजी बिशप थॉमस गोल्डवेल यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मायदेशात छळ सुरू असल्याने हे बिशप रोममध्ये निर्वासिताचे जिणे जगत होते. कामिलस यांचे पापनिवेदन ऐकणारे संत फिलिप नेरी यांना मात्र त्यांनी सान जाकोमो सोडून नवा संघ काढणे पसंत नव्हते. अल्पशिक्षित माणसाला हे पेलणार नाही, असे त्यांना वाटे. दोन संतांचे एकमत होतेच असे नाही. कामिलस यांनी आपला निर्णय बदलला नाही.

पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८६ साली संघाला मान्यता दिली आणि झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगीही दिली. आजच्या रेडक्रॉस संघटनेचे चिन्ह स्वित्झर्लंडच्या ध्वजावरून घेतलेले आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. पण त्याच्या जवळपास पावणेतीनशे वर्षे आधी तांबडा क्रूस रुग्णांच्या उशाशी उभा होता. १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी त्याला व्रतस्थ संघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांना येथे चौथ्याची जोड होती : जिवाला धोका असला तरी रुग्णसेवा सोडायची नाही. नेपल्सच्या बंदराबाहेर अडवून ठेवलेल्या, साथीने ग्रासलेल्या गलबतांवर हे सेवक चढले आणि त्यांतील दोघांनी तेथे प्राण वेचले. १५९५ आणि १६०१ साली हंगेरी व क्रोएशियातील रणभूमीवर त्यांचे बांधव जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेले. जुन्या शिपायाला रणांगणात टाकून दिलेल्या जखमींचे हाल ठाऊक होते.

१५९८ च्या नाताळात टायबर नदीला महापूर आला, तेव्हा सान्तो स्पिरितो रुग्णालयातील रोग्यांना कामिलस यांनी आपल्या बांधवांसह वरच्या मजल्यावर वाहून नेले. घाईघाईत जिवंत माणसांना पुरले जाते, हे लक्षात आल्यावर त्यांनी नियम केला की, श्वास थांबल्यासारखा वाटला तरी आणखी पाव तास मरणोन्मुखासाठी प्रार्थना चालू ठेवायची आणि तोवर चेहरा झाकायचा नाही.

संघातील बांधवांनी रुग्णालयाचा किती भार उचलावा, यावरून मतभेद झाले, कर्जही वाढले. १६०७ साली कामिलस प्रमुखपदावरून पायउतार झाले. पायाची जखम, आतड्याचा विकार, मूतखडे, अन्नावरची वासना उडालेली... या व्याधींना ते देवाच्या दया म्हणत. चालवेनासे झाले की, रात्री उठून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे सरपटत जात आणि कोणाला काय हवे ते विचारत.

१४ जुलै १६१४ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, रोममध्ये त्यांनी देह ठेवला. १७४६ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे अवशेष रोमच्या सान्ता मारिया माद्दालेना चर्चमध्ये आहेत.